चाचणीपुरता नंबर

बुधवारी दुपारी आईने जेवणाची तीन ताटं घेतली. घरात माणसं दोनच, ती आणि मी. शेजारच्या काकू येणार असतील असं समजून मी काही विचारलं नाही. पण तिने तिसऱ्या ताटात वाढलं, त्यावर दुसरं ताट उपडं घातलं आणि आपल्या जागी बसून जेवायला लागली. कोण यायचंय, असं मी शेवटी विचारलं. आज कोणी नाही, ती म्हणाली, रविवारी यायचंय. पण तिघांचं करायची हाताची सवय मोडलीय, ती आधी लागायला हवी.

"बारक्या काल बोलला," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, एका दुपारी पाठीवर बॅग टाकून तो घरातून गेला. आठवड्याने त्याचा एकच मेसेज आला, 'बरा आहे, शोधू नका,' आणि मग फोन बंद झाला तो झालाच. तक्रार नोंदवून झाली, त्याच्या मित्रांचे उंबरे झिजवून झाले, कुणीतरी कुठेतरी पाहिला म्हणून दोनदा धावत जाऊन हात हलवत परत येणंही झालं. तो का गेला हे आईला कधी कळलं नाही. मला माहीत होतं. त्या दुपारी मी कामासाठी बाहेर होते असं मी आईला सांगितलं, पोलिसांनाही तेच सांगितलं, आणि चार वर्षांत ती थाप घरात इतकी रुळली की तिच्याकडे कोणी वळून बघेनासं झालं.

खरं असं की मी घरातच होते. मी वेबसाइट बनवते, आतल्या खोलीत माझं टेबल आहे, आणि बारक्या तेव्हा माझ्या शेजारी बसून काम शिकत होता. हुशार होता, पण धांदरट. सरावासाठी ठेवलेल्या कॉपीवर चालवायची आज्ञा त्याने त्या दिवशी खऱ्या साइटवर चालवली आणि एका गिऱ्हाइकाची दोन वर्षांची माहिती पुसून टाकली. माझी जीभ मुळात तिखट. चांगल्या दिवशीही ती जपून वापरावी लागते, आणि तो दिवस चांगला नव्हता. मी त्याला म्हटलं, हात लावशील तिथे वाटोळं करतोस, बाबा गेले ते सुटले, आमच्या नशिबी मात्र तू आहेस. तू नसतास तर या घराचं बरं चाललं असतं. माझ्या मागे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग दाराचा. मी मान वळवली नाही, कारण बॅकअप परत चढत होता आणि माझं लक्ष पडद्यावर होतं. माहिती सगळी परत मिळाली.

तेव्हा 'बारक्या बोलला' हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पहिला विचार काय आला ते सांगायची लाज वाटते. तो आईला सांगेल, हा आला.

आई एरवी मोजकं बोलणारी, पण त्या दुपारी सांगत सुटली. ती रोज चारला त्याचा नंबर लावते हे मला माहीत होतं. तीन वर्षं ती त्या रेकॉर्ड केलेल्या बाईचं 'हा नंबर बंद आहे' शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, मध्येच फोन ठेवणं म्हणजे उर्मटपणा असल्यासारखं. पुढे ती बाल्कनीत जाऊन दार ओढून बसायला लागली, तेव्हा मला वाटलं मावशीशी गप्पा चालल्यात. तर नाही. आठ महिन्यांपूर्वी तिकडे घंटी वाजली होती आणि कुणीतरी फोन उचलला होता. बोललं कोणी नाही, पण श्वास ऐकू येत होता आणि फोन कापला गेला नाही. तेव्हापासून ती रोज दहा मिनिटं बोलत होती आणि पलीकडचा ऐकत होता. मला सांगितलं नाही, कारण मी फटकन काहीतरी बोलले असते. रोज ती त्याला विचारायची, जेवलास का. काल उत्तर आलं, जेवलो. मग तिने विचारलं, रविवारी अकरापर्यंत येतोस का. येतो, म्हणाला.

आवाज त्याचाच होता का, मी विचारलं.

"चार वर्षांत आवाज बदलणारच की," आई म्हणाली.

मी आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. त्याचा नंबर मला तोंडपाठ आहे. कारण तो गेल्यापासून मी तो रोज वापरत होते, आणि हे आईला ठाऊक नव्हतं.

आमच्या धंद्यात एक खोटा माणूस लागतोच. दवाखान्याची साइट बनवायची तर खऱ्या पेशंटवर प्रयोग करता येत नाहीत. म्हणून चाचणीपुरता एक पेशंट बनवायचा, त्याला नाव द्यायचं, नंबर द्यायचा आणि हवं तितक्या वेळा आजारी पाडायचं. बाकीचे लोक नावाच्या जागी 'अबक' टाकतात आणि नंबरच्या जागी एकच आकडा दहा वेळा. मी बारक्या टाकला. कुणी विचारलंच असतं तर माझ्याकडे हुशारीचं कारण तयार होतं: तो नंबर बंद आहे, मेसेज चुकून कुणाला पोचायची भीती नाही. खरं कारण एवढंच की घरात त्याचं नाव काढायची मला चोरी होती, आणि तिथे ते रोज लिहिता यायचं.

सध्या माझं मोठं काम म्हणजे दातांचा एक दवाखाना. पेशंटला आदल्या दिवशी वेळेची आठवण करून देणारे मेसेज आपोआप जावेत, एवढंच आधी काम होतं. कोड लिहायला मदत करणारं एक एआय मी वापरते. त्याला मी सांगितलं, रोज सकाळी अकराला चाचणीच्या पेशंटला एक मेसेज पाठव आणि सगळी साखळी धड चालतेय का ते बघ. त्याने पाच मिनिटांत लिहून दिलं. मजकूर काय ठेवू, असं विचारलं, तेव्हा मी टाइप केलं, 'बारक्या, उद्या अकराला येतोस ना?' आणि खाली 'ताई'. चाचणीत आपण काहीही लिहितो, ते वाचणारं कोणी नसतं. वर एक गोष्ट त्याला बजावली, की मेसेज पोचला नाही म्हणून ओरडू नकोस, तो पोचणार नाहीच. पोचो न पोचो, मला त्रास देऊ नकोस. त्याने ती सूचना अक्षरशः पाळली. रोज अकराला पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण यायची, आणि हिरवी खूण दिसल्यावर आमच्यातलं कोणी पुढचं वाचत नाही.

मग सहा आठवड्यांपूर्वी मोठ्या डॉक्टरांच्या डोक्यात आलं की लोक दातांना घाबरून वेळ घेतात आणि येत नाहीत, तर त्यांची समजूत एआयने काढावी. मला असले प्रयोग आवडतात, गाजर दिसलं की मी धावते. आपण प्रश्न पाठवला की उत्तर लिहून परत पाठवणारं एक एआय मी दवाखान्याच्या मेसेजना जोडलं. त्याला सूचना मीच लिहिली: समोरचा माणूस घाबरलेला आहे, त्याला प्रेमाने धीर दे, वाद घालू नकोस, टाळाटाळ करत असेल तर एक लहानसं पाऊल उचलायला सांग आणि शेवटी दिवस आणि वेळ पक्की करून घे. डॉक्टरांनी वाचून शाबासकी दिली आणि मग नेहमीसारखी मंजुरी लटकवली. त्यामुळे खऱ्या पेशंटांना ते जोडलं गेलंच नाही. जोडलेलं होतं फक्त एकाला.

मी बारक्याचा नंबर लावला. त्या बाईचं 'बंद आहे' ऐकायची तयारी ठेवली होती. घंटी वाजली. इतकी वर्षं मुका असलेला नंबर असा वाजताना ऐकून मी खुर्चीतून उठून उभी राहिले. दुसऱ्याच घंटीला मी फोन कापला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. लॉग उघडला, म्हणजे यंत्र आपल्या प्रत्येक हालचालीची जी रोजनिशी ठेवतं ती.

आठ महिन्यांमागे एका सोमवारी 'पोचला नाही' जाऊन 'पोचला' आलं होतं. त्यानंतर रोज 'पोचला'. जवळजवळ अडीचशे सकाळी माझं ते वाक्य कुणाच्या तरी हातात पडलं होतं. सुरुवातीला तिकडून उत्तरंही आली होती: चुकीचा नंबर, मी बारक्या नाही, ताई, तुमचा काहीतरी घोळ होतोय. त्यांना कोणी उत्तर दिलं नव्हतं, कारण तेव्हा उत्तर देणारं कोणी नव्हतंच. सहा आठवड्यांपूर्वी मी एआय जोडलं आणि त्या दिवसापासून त्या माणसाला उत्तरं मिळायला लागली.

त्याने पुन्हा लिहिलं होतं की नंबर चुकलाय. एआयने कळवलं होतं की काही हरकत नाही, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. मग तो जरा सैलावला. या नंबरवर एक बाई रोज चारला फोन करतात, मला बारक्या समजून बोलतात, तुम्ही त्यांच्याच कोणी का, असं त्याने विचारलं. एआयने लिहिलं, तुमची अडचण मोकळेपणी सांगा. त्याने सांगितली. पहिल्या दिवशी तो 'नंबर चुकलाय' म्हणणार तेवढ्यात त्या बाई रडायला लागल्या आणि त्याला तोंडच उघडता आलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडावं तर काल गप्प का बसलास हे आलं. असं करत महिने गेले. त्याची स्वतःची आई आजारी होती, समोर बसलेल्या मुलाला ओळखत नव्हती, आणि परक्याची आई जेवलास का विचारते ते ऐकायला तो चारला हातातलं काम ठेवून फोन घेऊन बसत होता. आता खरं सांगायची भीती वाटते आणि न सांगता राहवत नाही, काय करू, असं त्याने विचारलं होतं. उत्तर गेलं होतं ते असं:

'भीती वाटणं अगदी साहजिक आहे. पहिल्या वेळी सगळ्यांनाच वाटते. पण टाळत राहिलं की दुखणं आत वाढत जातं. एकदम सगळं करायची गरज नाही. फक्त एक लहानसं पाऊल उचला. त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्या.'

आणि खाली, चाचणीच्या प्रत्येक मेसेजला आपोआप चिकटते तशी, माझी सही. ताई.

त्यावर मंगळवारी संध्याकाळी त्याचं लिहिणं होतं. तुम्ही म्हणालात तसं केलं, एक शब्द बोललो. आता रविवारी बोलावलंय, तोंडून 'येतो' निघून गेलं, खरंच जाऊ का? एआयने त्याचं मनापासून कौतुक केलं होतं, रविवार अकराची वेळ पक्की करून दिली होती आणि जुने रिपोर्ट असतील तर बरोबर आणायला सांगितलं होतं.

मी ते सगळं दोनदा वाचलं. त्यातलं एक वाक्य माझं नव्हतं, पण सूचना माझी होती, सही माझी होती. मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. ती सहीतली ताई माझ्यापेक्षा चांगली होती. सहा आठवड्यांत तिने त्या अनोळखी माणसाला एकदाही टाकून काही म्हटलं नव्हतं, आणि चुकलास असं तर चुकूनही नाही. माझ्या खोलीत, माझ्याच खुर्चीत कोणी दुसरी बसून माझ्या भावाशी नीट बोलत होती असं मला वाटलं, आणि मला तिची भीती वाटली. मी उत्तर देणारं एआय तिथल्या तिथे बंद केलं. अकराचा रोजचा मेसेज मात्र बंद करायला हात धजला नाही. ती सवय तेवढी माझी स्वतःची होती.

गुरुवारी सकाळी उठले तर दोरीवर बारक्याचे पाच शर्ट वाळत होते. आईने कपाटातून काढून धुतले होते. वाऱ्याने बाह्या हलत होत्या आणि माझ्या टेबलावरून त्या सारख्या नजरेला पडत होत्या. दोन शर्टांची बाजूची शिवण तिने उसवून सैल केली होती. आता अंगाने भरला असेल, म्हणाली. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि पुन्हा तो नंबर लावला.

या वेळी फोन उचलला गेला. पलीकडून कोणी बोललं नाही, त्याची ती सवय झालेली. नुसता श्वास येत होता, आणि आई आठ महिने काय ऐकत होती ते मला कळलं. मला सगळं माहीत होतं, लॉग माझ्यासमोर उघडा होता, आणि तरीही मी म्हटलं, "बारक्या?"

"नाही, ताई," तो म्हणाला. "मी तो नाही."

शुक्रवारी मी त्याने फोनवर सांगितलेल्या पत्त्यावर त्याला भेटायला गेले. तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. एका सात मजली इमारतीत तळमजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं आणि खालच्या खड्ड्यातून बॅटरीचा उजेड येत होता. मी हाक मारली तेव्हा तो वर चढून आला. बारक्याच्याच वयाचा, पण बारक्यासारखा अजिबात नाही. ठेंगणा, रुंद, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. त्याने हात पुसले, जिन्याच्या पायरीवर मला जागा करून दिली आणि आधी माझे आभार मानले. तुम्ही धीर दिलात म्हणून तोंड उघडलं, म्हणाला. त्याच्या आईबद्दल तो माझ्याशी जेवढं बोलला, तेवढं घरातही कुणाशी बोलला नव्हता.

तिथे मला गप्प बसता आलं असतं. पण एका थापेने घरात चार वर्षं काय केलं होतं ते मी बघत होते. मी त्याला सगळं सांगितलं, दवाखाना, चाचणीचा पेशंट, एआय, ती सूचना, आणि ते यंत्र बुधवारीच बंद केलंय, आता लिहीन ते मीच, हेही. तो लक्ष देऊन ऐकत होता. लिफ्टचं काम करणारा माणूस, कुठली तार कुठे जोडली की काय हलतं हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्याने खिशातून फोन काढला, मेसेज वर सरकवत नेले, परत खाली आणले.

"म्हणजे ते सगळं दातांबद्दल होतं?" तो म्हणाला.

मला हसू आलं नाही आणि त्यालाही आलं नाही. मी माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही ते कळलं नाही. म्हणाला, काकूंना मी फसवलं ते मीच फसवलं, यंत्राने नाही. रविवारी समोर येऊन सांगतो, फोनवर हे सांगता येणार नाही. मी त्याला घराचा पत्ता दिला आणि म्हटलं, थांब, आधी मी आईला तयार करते, मग तुला निरोप देते. निरोप आला तरच ये. तो बरं म्हणाला आणि पुन्हा खड्ड्यात उतरला.

आईला तयार करायचं म्हणजे काय, हे मी शुक्रवारची संध्याकाळ आणि अख्खा शनिवार शोधत होते. 'तो बारक्या नाही' एवढंच सांगायचं असतं तर कदाचित सांगितलं असतं. पण लगेच तिचा प्रश्न आला असता, मग तो कुठंय, आणि मागोमाग तो जुना प्रश्न, तो गेलाच का. एक दोरा ओढला की सगळी वीण उसवणार होती. शनिवारी मी चक्क एआयला विचारलं, वाट बघणाऱ्या आईला वाईट बातमी कशी सांगावी. त्याने पाच मुद्दे दिले. पहिला मुद्दा होता, योग्य वेळ निवडा. मी ती विंडो बंद केली आणि बाहेर गेले, तर आई बारक्याच्या पलंगावर नवी चादर घालत होती. मला म्हणाली, तिकडचं टोक धर. मी धरलं. चादर ताणून बसवली, सुरकुती काढली. एवढीच माझ्याने मदत झाली.

रविवारी बरोबर अकराला दाराची बेल वाजली. मला वाटलं पेपरवाला असेल, कारण मी निरोप दिलेला नव्हता. आई माझ्या आधी दाराशी पोचली.

दारात तो उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, नखांत उरलेलं ग्रीस लपवायला मुठी मिटून. मी आईच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघून मान हलवली, की का आलास. त्याने फोन वर करून दाखवला. शनिवारी सकाळी अकराला त्याला निरोप गेला होता: उद्या अकराला येतोस ना, ताई. दोन दिवस मी तोंड उघडायची वाट बघत होते आणि तेवढ्यात माझ्या यंत्राने त्याला बोलावून घेतलं होतं. आईने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बाजूने वाकून जिन्याकडे पाहिलं.

"तो खाली थांबलाय का?" तिने विचारलं. "लाजत असेल. तू मित्र का त्याचा?"

"काकू," तो म्हणाला, "फोनवर मीच असतो."

आईला ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. ती आत आली, टीव्हीवर ठेवलेला आपला फोन उचलला, चष्मा लावला आणि नंबर लावून फोन कानाला धरला. त्याच्या शर्टाच्या खिशात घंटी वाजायला लागली. तो उंबऱ्यातच उभा होता. त्याने फोन काढलाही नाही आणि कापलाही नाही. आई त्याच्याकडे बघत कानाला फोन धरून उभी राहिली, अगदी शेवटची घंटी संपेपर्यंत, जशी ती त्या रेकॉर्ड केलेल्या बाईचं ऐकून घ्यायची. मी कितीतरी वेळा सर्व्हर बंद पडताना पाहिलेत, पण माणसाचा चेहरा असा विझताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग ती खुर्चीवर बसली आणि त्यालाही बसायला सांगितलं. नंबर कसा मिळाला, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं की दुकानातून नवीन घेतला, कंपनीवाले बरेच दिवस बंद पडलेले नंबर पुन्हा दुसऱ्याला देतात. तिने मान डोलावली. त्याने माफी मागितली, पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं म्हणाला, आणि तिने त्यालाही मान डोलावली.

"आठ महिन्यांत त्याच्यासाठी आणखी कुणाचा फोन आला?" तिने विचारलं. "कुणी मित्र, कुणी मैत्रीण, कामाच्या ठिकाणचं कुणी?"

"नाही, काकू. चारला तुम्ही आणि अकराला या. दोघीच."

आई माझ्याकडे वळली. रोज, असं तिने विचारलं. रोज, मी म्हटलं. त्याने आपला फोन तिच्या हातात दिला, आणि ती बोटाने वर सरकवत वाचायला लागली. तेच वाक्य, तीच सही, एकाखाली एक. ती एकही न गाळता वाचत होती आणि मी तिच्यासमोर परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखी उभी होते. चार वर्षं तिला वाटत होतं की मी त्याला विसरले. बहुधा त्याचा तिला राग होता, आणि मला तो राग सोयीचा होता.

वाचता वाचता ती त्या मधल्या लांब मेसेजवर थांबली. एका प्रश्नाचं उत्तर द्या, हे तिने दोनदा वाचलं असावं.

"हे तू सांगितलंस याला?"

लिफ्टवाला माझ्याकडे बघून काही बोलणार होता. बहुधा यंत्राचं नाव घेणार होता. माझ्याही तोंडाशी सगळं आलं, जोडणी, सूचना, मंजुरी, चाचणी.

"हो," मी म्हटलं.

तो थोड्या वेळाने उठला. दाराशी त्याने विचारलं, काकू, मी नंबर बदलून घेऊ का? आई म्हणाली, कशाला, तुझा आहे तो आता. त्याने चपला घातल्या आणि तो जिना उतरून गेला. त्याच्या पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता, आणि आई तो संपेपर्यंत दार धरून उभी होती. मग तिने दार लावलं, परत येऊन बसली आणि हातातल्या फोनकडे बघत राहिली.

"मग आता चारला मी काय करू?" ती म्हणाली.

मी खाली, तिच्या पायाशी बसले.

"आई, तो गेला त्या दुपारी मी बाहेर नव्हते," मी म्हटलं. "घरात होते."